सुरमई थाळीत सुरमई नव्हती असं वाटतंय. तक्रार करू का, आणि कुणाकडे?

माणदेशी_सर्व्हेयर
सोमवार, १४ जुलै २०२५, रात्री ११.४०

मंडळी, प्रश्न खाण्याचा आहे, पण 'पुण्यात मासे कुठे चांगले मिळतात' छापाचा नाही. कालपासून एक गोष्ट डोक्यात अडकली आहे, ती तुमच्यापुढे ठेवतो.

आधी माझी पात्रता. मूळ गाव माण तालुक्यात. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची बोंब, तिथं मासे कुठले! लहानपणी मासा म्हणजे आठवडी बाजारातलं सुकट आणि सुके बोंबील. नोकरीला पुण्यात आलो, लग्न झालं, पोरं झाली, तरी ताज्या माशाच्या वाटेला गेलो नाही. काट्याची धास्ती. २०१७ साली सिंहगड रोडला घरापासून चालत दहा मिनिटांवर एक मालवणी खानावळ सुरू झाली. सहा टेबलं, गल्ल्यावर मालकीणबाई, त्यांना सगळे काकी म्हणतात. वाढायला एक मामा.

पहिल्या दिवशी बांगडा मागवला आणि ठोकलेल्या गाडीकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत बसलो. (मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेयर आहे. दिवसभर तेच बघतो.) मामा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "पाठीच्या रेषेवर बोट फिरवा. वरचं मांस बाजूला सारा. आता शेपटीकडनं काटा उचला." काटा अख्खा कंगव्यासारखा वर आला. बावन्नाव्या वर्षी आज मी जो काही मासा खातो, तो त्या माणसाने शिकवलेला. लॉकडाऊनमध्ये काकी डबे द्यायच्या, तेव्हा डब्यात तांदळाची भाकरी फडक्यात गुंडाळून यायची आणि सोलकढी वेगळ्या बरणीत. बरणी धुऊन परत द्यायची, एवढीच अट.

आता कालचं. रविवार, दुपारचे सव्वादोन. मी, बायको आणि आई. आई अठ्ठ्याहत्तरची, गावाहून आली आहे. तिला काटे निवडायला दिसत नाही, दातही मोजकेच, म्हणून दरवेळी सुरमई. मधला एक काटा काढून दिला की ती मजेत खाते.

दारातच पहिला धक्का. मामा नाहीत. पाटीवरचा खडूचा मेनू गेला, टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड आला. एक नवीन पोरगा टॅब घेऊन फिरत होता. आईने त्याला विचारलं, "बाळा, आज काय ताजं हाय?" तो म्हणाला, "स्कॅन करा आजी." आजीने पिशवीतून चष्मा काढला आणि त्या चौकोनाकडे बघत बसली.

दोन सुरमई थाळ्या सांगितल्या, एक बांगडा. मासा आधी आला, भाकरी सतरा मिनिटांनी. (घड्याळ लावलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये ताटाच्या फोटोची वेळ आहे आणि भाकरीच्या फोटोचीही. सवय.) कांदा-लिंबू दुसऱ्यांदा मागितलं तर "एक्स्ट्रा लागेल". सोलकढी गुलाब सरबतासारखी गुलाबी आणि चवीला साय लावलेल्या पाण्यासारखी.

आणि सुरमई. रवा लावलेला पसरट तुकडा, मधे काटा नाही, कडेला कातडीही नाही. आतून पांढराफेक, बोट लावलं की हलणारा. आईने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यो मासा न्हाय रं, ह्ये पनीर हाय."

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. मी नाही हसलो.

बिलही मांडतो, कारण बिलातही काहीतरी आहे. सुरमई थाळी ४८० ची दोन, ९६०. बांगडा थाळी ३२०. जादा सोलकढी दोन ग्लास, १२०. पाण्याची बाटली २०. झाले १४२०. त्याखाली 'कर्मचारी कल्याण ५ टक्के', ७१ रुपये. मग १४९१ वर ५ टक्के जीएसटी, ७४ रुपये ५५ पैसे. एकूण १५६६.

तिथल्या तिथे का नाही विचारलं? आई सोबत होती, पाठीमागे चार माणसं आमच्या खुर्च्यांवर डोळा ठेवून उभी होती आणि खरं सांगायचं तर खात्री नव्हती. माणदेशातल्या माणसाने मालवणी हॉटेलात जाऊन "ही सुरमई नाही" म्हणायचं? उद्या कुणी देवगडहून दहिवडीला येऊन मला बाजरी ओळखायला शिकवेल.

घरी येऊन रात्री फोनवर एक तारा देऊन चौदा ओळी लिहिल्यात. बटण दाबलेलं नाही. आठ वर्षांचं जेवण त्या बटणाच्या आड येतंय.

तर विचारणं असं: फोटोवरून (खाली लावलाय) ही सुरमई वाटते का? ते ७१ रुपये घेता येतात का? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

---

देवगडकर_खारेवारा
मंगळवार, १५ जुलै, सकाळी ७.०५

माणदेशी, तुमच्या आईक माझो दंडवत. ता पनीर न्हय, पण ती सुरमय पण न्हय.

आता मराठीत लिहितो. सुरमईची तुकडी आडवी कापतात, त्यामुळे मधे मणक्याची गोल चकती येतेच येते आणि भोवती कातडी. चंदेरी, पातळ, खवले जवळजवळ नसल्यासारखी. मांस घट्ट, शिजलं की पाकळ्या सुटतात. तुमच्या फोटोतला तुकडा उभा कापलेला आहे, कातडी सोललेली, आणि रव्याच्या कडेला पाणी सुटलंय बघा. हा बासा. गोड्या पाण्यातला, तळ्यात पाळलेला, बिनकाट्याचा, गोठवून पाकिटात येतो. वाईट मासा आहे असं नाही. पण त्याला स्वतःची अशी चव नसते, मसाला लावाल तसा तो होतो. बिनकाट्याच्या सुरमईचे तुकडेही हॉटेलात असतात, नाही असं नाही, पण ते टिक्क्याला. थाळीत रवा लावून येते ती तुकडीच.

आणखी एक. तुम्ही जेवलात १३ जुलैला. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात, दर्याही खवळलेला असतो. मग जुलैत पुण्यात ताजी सुरमई कुठून? एक तर मे महिन्यातली गोठवलेली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरची. तिकडची बंदी १४ जूनला उठते, त्यामुळे जूनच्या शेवटी तिकडचा माल बर्फातून येतो. महाग पडतो. म्हणून जुलैत मालवणी हॉटेलात सुरमई मागणं म्हणजे डिसेंबरात हापूस मागण्यासारखं. मिळाला तर आधी संशय घ्यायचा.

या दिवसांत आमच्याकडे काय खातात? सुके बांगडे भाजून वर खोबरेल तेलाचा थेंब, सोड्यांचा भात, गोलम्याची चटणी, तिसऱ्या, खाडीतले खेकडे. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे. ओहोळाला पाणी आलं की उलटे चढून शेतात येतात, रात्री बत्ती घेऊन लोक बांधावर उभे. ज्या हॉटेलात जुलैत सुक्याची थाळी मिळते, तिथला माणूस खरा.

सोलकढीचं: आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, खरी कढी इतकी गुलाबी होत नाही. फिकट असते, जांभळट झाक. ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा, नारळाचं दूध वर राहतं आणि खाली पाणी दिसायला लागतं. ज्या कढीचा रंग तळापर्यंत एकसारखा, तिच्यात बीट किंवा पाकिटातली पावडर समजा.

---

पेठेतला_दुपारी_बंद
मंगळवार, १५ जुलै, सकाळी ९.३२

रविवारी दुपारी सव्वादोनला मासे खायला बाहेर पडलात इथेच पहिली चूक. त्या वेळी सभ्य माणूस झोपलेला असतो.

बाकी ७१ रुपयांत कर्मचाऱ्यांचं कल्याण होत असेल तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनला पण लावा.

---

कलम_आणि_कांदा
मंगळवार, १५ जुलै, सकाळी ११.१८

ग्राहक पंचायतीच्या कामात थोडीफार लुडबुड करतो, म्हणून बिलापुरतं बोलतो. मासे मला कळत नाहीत. कोकणस्थ असून कळत नाहीत, ही वेगळी शोकांतिका.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलने सेवाशुल्क आपणहून बिलात लावायचं नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही घ्यायचं नाही, आणि ते बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि पुढे जवळजवळ पावणेतीन वर्षं "न्यायालयाने स्थगिती दिलीय साहेब" हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलं. २८ मार्च २०२५ ला तो निकाल लागला. याचिका फेटाळल्या, तत्त्वं कायम, वर दोन्ही संघटनांना एकेक लाख खर्च.

आता तुमचं बिल बघा. 'कर्मचारी कल्याण' हे दुसरं नाव झालं. १४२० ऐवजी १४९१ वर जीएसटी लावला, म्हणजे त्या ७१ वरही ३ रुपये ५५ पैसे. एका ओळीत दोन चुका. टीप द्यायची तर तुमच्या खुशीने, तुमच्या हाताने.

जीएसटी मात्र घेऊ शकतात. साध्या हॉटेलला नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के आहे, एसी असो वा नसो. फक्त कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असलेल्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, तसं त्याला बिलावर छापावं लागतं. तुमच्या बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर आहे का तेही बघून ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर सक्तीचा आहे.

पायरी अशी. आधी हॉटेलला सांगून ती रक्कम काढायला लावा. नाही काढली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ते आदेश देत नाहीत, तक्रार हॉटेलकडे पाठवून समेट बघतात. माशाच्या जागी दुसरा मासा हा अन्न व औषध प्रशासनाचा विषय. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पण ९६० रुपयांच्या सुरमईसाठी तारखा घ्यायच्या का, ते तुम्ही आणि तुमच्या आईने ठरवा.

---

भट्टीवाला_कराड
मंगळवार, १५ जुलै, दुपारी ४.१०

या वेळेला गिऱ्हाईक नसतं म्हणून लिहायला सवड आहे. माझं हॉटेल आहे, मटणाचं. वीस वर्षं झाली. तुमची तक्रार खोटी म्हणत नाही. सुरमई छापून बासा वाढला ही चोरीच. माझ्याकडे कुणी बोकड सांगून बोल्हाई, म्हणजे मेंढीचं मटण, वाढलं असतं तर त्याला भट्टीपाशी उभं केलं नसतं. (बोल्हाई वाईट म्हणत नाही. बोल्हाई म्हणून विका.)

पण दुसरी बाजू ऐका. नारळ गेल्या वर्षी मी पंचवीस-अठ्ठावीसला घेत होतो, यंदा पन्नासच्या खाली कुणी बोलत नाही. तुम्हाला सोलकढीचा ग्लास साठला लागला म्हणून राग आला. एका नारळाच्या घट्ट दुधातून ग्लास होतात किती? घरी काढून बघा. मग एक तर ग्लास ऐंशीला विका, नाहीतर पाणी घाला, नाहीतर पाकीट फोडा. ऐंशीला विकला तर तुम्हीच इथं येऊन लिहिणार, 'सोलकढी ८० रुपये, लुटालूट'.

माणसं. आषाढात माझ्याकडची निम्मी माणसं शेतावर जातात. जी नवीन येतात त्यांना आठ दिवसांत टेबल नंबर पाठ होतात, गिऱ्हाइकाचे चेहरे नाही. तो टॅबवाला पोरगा तुमच्या आईला 'स्कॅन करा' म्हणाला हे चुकलंच, पण त्याला तेवढंच शिकवलेलं असतं.

आणि गटारीच्या आधीचा रविवार! आम्ही त्या दिवसांत स्वतःच्या हॉटेलात जेवत नाही.

एक तारा देऊ नका असं म्हणणार होतो. तुमचं बिल परत वाचलं. ते कल्याण आम्ही कुणी घेत नाही, आणि ते माणसांपर्यंत पोचतं यावर माझा विश्वास नाही. माझ्या अनुभवात अशी ओळ बिलावर येते ती मालकाचा पोरगा धंद्यात आल्यावर.

---

ठाण्याची_सई
मंगळवार, १५ जुलै, रात्री १०.५५

एक ताऱ्याबद्दल माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या एका थाळीवाल्याकडे वाढणाऱ्या मुलाने माझ्या सासऱ्यांच्या अंगावर आमटी सांडली आणि वर हसला. मी रात्री तावातावाने लिहिलं, मुलाच्या टीशर्टचा रंग आणि टेबल नंबरसकट. पंधरा दिवसांनी गेलो तर मुलगा नव्हता. दुसऱ्याने सांगितलं, पगार कापून काढला. तो हसला नव्हता म्हणे, त्याचा ओठच तसा होता. सासरे घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

आमटी सांडली ती दोन टेबलांमधून एक माणूस आडवा जाईल एवढीच जागा ठेवली होती म्हणून. ते मी लिहिलं नव्हतं. आता लिहिते तेव्हा माणसाबद्दल लिहीत नाही. ताटात काय होतं, बिलात काय होतं, किती वेळ लागला, बस. तुमच्या चौदा ओळींत त्या टॅबवाल्या मुलाच्या किती आहेत ते बघा.

---

माणदेशी_सर्व्हेयर
बुधवार, १६ जुलै, सकाळी ८.२०

सई, मोजल्या. सहा. काढल्या.

देवगडकर, ग्लासाचा फोटोही सापडला. तळापर्यंत एकच रंग. आणि हो, एफएसएसएआय नंबर बिलावर आहे.

पेठेतल्यांना: आमच्याकडे दुपारी झोपणाऱ्याला आजारी समजतात.

उद्या गुरुवार. गुरुवारी त्यांच्याकडे गर्दी नसते. चारच्या सुमाराला एकटाच जाऊन येतो.

---

माणदेशी_सर्व्हेयर
गुरुवार, १७ जुलै, रात्री ९.१५

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

हॉटेल रिकामं. काकी मागच्या बाजूला आडाळ्यावर नारळ खवत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "येवा. आज सुक्याच आसा, चलात?" देवगडकर, तुमची आठवण झाली. म्हटलं, जेवायला नाही, जरा दाखवायचं आहे.

कामाच्या सवयीने सगळं क्रमाने मांडलं. ताट, तुकडा, ग्लास, बिल. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि तुकड्याचा फोटो बोटांनी मोठा केला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आतल्या आचाऱ्याला हाक मारली. तोही नवीन. त्याने काही लपवलं नाही. सुरमई दीड वाजता संपली, ऑर्डरी येतच होत्या, टॅबवर कुणी 'संपली' केलं नव्हतं. दादांनी, म्हणजे काकींच्या मुलाने, फोनवर सांगितलं की फिश फिंगरचा माल आहे तो रवा लावून द्या, रविवारी कोण बघतंय.

रविवारी आई बघत होती. पण हे मी बोललो नाही.

काकी माझ्यावरच उखडल्या. "आठ वर्सां जेवतास माझ्याकडे. त्याच वक्ताक तोंडान सांगूक काय झाला? माज्या नावान बासा खाऊन गेलास आणि चार दिवस गप!" मला उत्तर नव्हतं. माझ्या खिशात एक ताऱ्याच्या आठ ओळी होत्या, हे तर त्यांना माहीतही नव्हतं. शेवटी तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं. 'सोलकढीत नारळ नव्हता' इथे त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "ह्या खरा आसा. दोनच्या मागसून पावडरीची करतंय. नारळ परवडणत नाय." आणि खवायला लागल्या.

भट्टीवाले, तुमचं नारळाचं गणित त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, कराडचो माणूस हिशोबी दिसता.

मामांचं विचारलं. लावणीला गावी गेलेत. घरचा तरवा काढायला माणूस नाही, आणि मिरग संपला की दरवर्षीच जातात. मला आठ वर्षांत कळलं नव्हतं, कारण जुलैत मी बहुतेक पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या बघत फिरत असतो. यंदा सुट्टी मिळाली म्हणून गेलो आणि हे झालं. गणपती करूनच येणार म्हणतात.

पैशांचं. त्या ९६० रुपये परत द्यायला निघाल्या, मी घेतले नाहीत. ताटं आम्ही संपवली होती. मी मागितले ७४ रुपये ५५ पैसे: ७१, आणि त्यांच्यावरचे ३ रुपये ५५. (दोन्हीकडे ५ टक्केच असल्यामुळे बिलातल्या जीएसटीचा आकडाही तेवढाच. त्यामुळे काकींना पाच मिनिटं वाटत होतं की मी सरकारचे पैसे मागतोय.) त्यांनी ७५ दिले. मी ४५ पैसे द्यायला खिसा चाचपला तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

सुरमईचं उधार ठेवलं. १ ऑगस्टला होड्या निघतील, पण २५ जुलैला श्रावण लागतोय आणि आमच्या घरी बायको श्रावण कडक पाळते. मग गणपती. म्हणजे सप्टेंबर. काकींनी गल्ल्यातली वही काढून लिहिलं: 'गाडयेवाले, २ सुरमय, आजयेक'. आठ वर्षांनी कळलं, तिथं माझं नाव गाडीवाले आहे.

---

भट्टीवाला_कराड
गुरुवार, १७ जुलै, रात्री ११.५०

पोराचं लिहिलं होतं की नाही मी?

---

ठाण्याची_सई
शुक्रवार, १८ जुलै, सकाळी १०.०२

हॉटेलचं नाव सांगा ना, सुक्याची थाळी खायला पुण्याला येऊ.

---

माणदेशी_सर्व्हेयर
शुक्रवार, १८ जुलै, दुपारी १.३०

सई, नाव नाही सांगणार. तक्रार करून मग जाहिरात करायची, हे मला जमणार नाही. सिंहगड रोडला फिरा, दारात नारळाच्या करवंट्यांचा ढीग दिसेल तिथे विचारा. तसा ढीग दोन-तीन ठिकाणी असतो म्हणा.

---

कलम_आणि_कांदा
शुक्रवार, १८ जुलै, संध्याकाळी ६.४५

अभिनंदन. पण एक शंका. कल्याणाची ओळ बिलातून सगळ्यांसाठी गेली, की फक्त तुमचे ७५ परत आले?

---

माणदेशी_सर्व्हेयर
सोमवार, २१ जुलै, रात्री ८.३५

शंका रास्त होती. शनिवारी ऑफिसातल्या एकाला तिथे जेवायला पाठवलं. काटा असलेली, कातडी असलेली सुरमई आली, खडूची पाटी परत लागली आहे आणि पाटीवर 'सुरमय संपली' असंही लिहिलं जातं म्हणे. आणि बिलात कर्मचारी कल्याण ५ टक्के तसंच.

काल गटारीची गर्दी होती म्हणून गेलो नाही. आज दुपारी काकींना फोन केला. म्हणालो, ही ओळ काढली नाही तर मी १९१५ ला तक्रार नोंदवणार आहे. तुम्हाला आधी सांगतोय, त्या दिवशीसारखं मागून नाही.

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"नोंदवा," काकी म्हणाल्या. "झील माझा ऐकणा नाय. सरकाराचा तरी ऐकता काय बघूया."